शेवाळाच्या दुबार प्रती

संगणक सावकाश चालतो ही माझी तक्रार कधीच नव्हती. मी कचेरीच्या अभिलेख कक्षात काम करतो. तिथे मागितलेली गोष्ट मागितल्याबरोबर मिळाली तर मागणाराच घाबरतो. आमचा घरचा संगणक सकाळी चालू करावा, दाढी करावी, पेपर वाचावा, आणि मग कुठे तो आपल्याशी बोलायला तयार होतो, यात मला त्याचा दर्जाच दिसायचा. तक्रार होती ती बायकोची.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काचेच्या नळ्या धुते, आम्लांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावते आणि सुट्टीच्या दिवशी शेवाळाचे फोटो काढते. लोक फुलांचे काढतात, लहान मुलांचे काढतात, जेवणाच्या ताटाचेसुद्धा काढतात. ही कोणाच्या तरी गळक्या पाइपाखाली उकिडवी बसते. घरात आम्ही या छंदाला ‘तिचं ते हिरवं’ म्हणतो. वर्षानुवर्षं ती ते हिरवं कॅमेऱ्यातून संगणकात ओतत आली, आणि आम्ही कोणी ते उघडून पाहिलं नाही.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी मात्र पाहिलं असावं. कारण त्यांनी एक दिवस तिला येत्या रविवारच्या व्याख्यानाचं निमंत्रण दिलं. विषय ‘आपल्या भिंतींवरचं शेवाळ’. सभागृह, पडदा, माईक, सगळं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या व्याख्यानांना खुर्च्या मांडल्या होत्या. आता ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून भांड्यांना ‘रसिक श्रोतेहो’ म्हणू लागली. तिचा आवाज थरथरायचा, मग ती पाणी प्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

अडचण फोटोंची होती. शेकडो फोटोंतून निवड करायची आणि प्रत्येक फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने, खिडकीचा पडदा सोडावा तसा उघडायचा.

“हा उघडेपर्यंत आतलं शेवाळ वीतभर वाढलं असेल,” ती म्हणाली.

“मी बघतो,” मी म्हणालो.

हे दोन शब्द मी याआधी गळक्या नळाला, रुसलेल्या मिक्सरला आणि एकदा लेकीच्या गणिताला उद्देशून उच्चारले आहेत. त्या तिन्ही बाबतींत शेवटी बाहेरचा माणूस बोलवावा लागला, हा योगायोग आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. सगळी इमारत त्यांना सल्लागार म्हणते, आणि त्यांना ते कौतुकच वाटतं. ते आले, त्यांनी संगणकाच्या डब्याला कान लावला आणि डोळे मिटले.

“कुरकुर ऐकू येते?” त्यांनी विचारलं.

“येते.”

“डिस्कचे तुकडे झालेत.”

“कधी पडली?” माझे वडील, म्हणजे अण्णा, दिवाणावरून म्हणाले. “मला कोणी सांगितलं नाही.”

सल्लागारांनी समजावलं, की डिस्क आख्खीच असते, तिच्यावरचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी विखुरतो. एकाच फोटोचा एक भाग इकडे, दुसरा तिकडे. वाचताना डिस्कवरच्या सुईची धावाधाव होते. सगळे तुकडे गोळा करून ओळीने लावले की यंत्र पळतं. त्याला डिफ्रॅग म्हणतात.

मला जे समाधान झालं ते शब्दांत सांगता येणार नाही. म्हणजे इतके दिवस हा जो मोठा तांत्रिक बाऊ केला जात होता, तो शेवटी फायली लावण्याचाच प्रकार निघाला. एका प्रकरणाची पानं चार कपाटांत गेली तर ती काढून एका गठ्ठ्यात बांधायची. हे मी रोज करतो आणि त्याबद्दल मला कोणी इंजिनिअर म्हणत नाही. मी सल्लागारांना नम्रपणे सांगितलं, की पुढचं माझ्यावर सोडा.

त्यांनाही सोडावंच लागलं. आमच्या संगणकाची भाषा मी मराठी करून ठेवली आहे. भाषेसाठी प्रत्येकाने काहीतरी करावं असं माझं मत आहे, आणि एवढं मला बसल्या जागी करता आलं. सल्लागारांना त्या मराठीत काही सापडेना. ‘तबकडी सुसूत्रीकरण’ या पाटीवरून त्यांची नजर दोनदा घसरून गेली आणि ते चहा घेऊन वर गेले.

मी ती पाटी दाबली. पडद्यावर रंगीत चौकोन उमटले. लाल म्हणजे विखुरलेलं, निळं म्हणजे लावलेलं. लाल चौकोन एकेक करून निळे होऊ लागले. अण्णांनी खुर्ची ओढून घेतली. निवृत्तीनंतर इतकं व्यवस्थित चाललेलं काम त्यांनी प्रथमच पाहिलं असं ते म्हणाले.

काम दहा टक्क्यांवर आलं आणि सगळे चौकोन पुन्हा लाल झाले. खाली मजकूर आला: ‘तबकडीवरील मजकुरात बदल झाल्याने प्रक्रिया पुनश्च आरंभ होत आहे.’

पुन्हा दहा टक्के. पुनश्च आरंभ. कचेरीतली एक पदोन्नती अशाच रीतीने माझ्यापर्यंत येऊन परत जात असल्याने मी प्रथम तिकडे दुर्लक्ष केलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा लोकांना विचारणं भाग पडलं. विचारायचीही गरज नव्हती म्हणा. इस्त्रीवाला म्हणाला, बंद करून चालू करा. कचेरीतले आमचे साहेब म्हणाले, आत धूळ असणार. म्हणून मी झाकण उघडून दाढीच्या ब्रशने धूळ काढली. झाकण परत लावल्यावर एक स्क्रू उरला. तो आधीपासून जास्तीचाच असावा. लेक म्हणाली, “बाबा, नवीन घ्या ना.” तिचं प्रत्येक प्रश्नावर हेच उत्तर असतं आणि ते बहुतेकदा बरोबर असतं, म्हणूनच ते चिडवणारं आहे.

खरं कारण मला अपघाताने सापडलं. संगणकाला जरा वेळ कोणी हात लावला नाही की पडद्यावर मासे पोहायला लागत. ही अण्णांची सोय होती. मासे आले की डिस्कवर काहीतरी हालचाल होई, आणि मासे आले म्हणून प्रक्रिया पुनश्च आरंभ होई. मी मासे बंद केले.

“कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते बिचारे,” अण्णा म्हणाले आणि जेवायला बसेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मासे गेल्यावर प्रक्रिया पुढे सरकली, आणि नवीन मजकूर आला. ‘पुरेशी मोकळी जागा उपलब्ध नाही. किमान पंधरा टक्के जागा मोकळी करावी.’ हे मात्र मला मनापासून पटलं. पानं लावायला टेबल मोकळं लागतं. आमच्या संगणकात मोकळं असं काही उरलंच नव्हतं.

मी घरच्यांची बैठक घेतली. बायको शाळेत होती. अण्णांच्या नावावर हवामानाच्या बातम्यांचा मोठा साठा निघाला. ते रोजची बातमी साठवून ठेवत आले होते.

“गेल्या वर्षीच्या हवामानाचं आता काय करायचंय, अण्णा?”

“ताळा बघायला. तो माणूस ढग म्हणतो आणि ऊन पडतं. पुरावा नको?”

लेकीच्या नावावर सिनेमे होते. कोणते पाहून झाले असं विचारलं तर म्हणाली, “सगळे.” मग काढू का, असं विचारलं तर म्हणाली, “मग परत बघायला काय ठेवू?” हे मला मान्यच करावं लागलं, कारण आमच्या कक्षाचा कारभार याच तत्त्वावर चालतो.

राहिलं ते हिरवं.

इथे मला माझी बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती नंतर कोणी ऐकून घेतली नाही. मी तो संग्रह उघडला. लहान लहान चौकोनांत फोटो दिसू लागले. हिरवा. हिरवा. हिरवा. किंचित ओला हिरवा. पुन्हा हिरवा. मी प्रामाणिकपणे खालपर्यंत गेलो. अभिलेख कक्षाचा पहिला नियम असा, की एकाच मजकुराच्या अनेक प्रती आढळल्यास एक नमुना प्रत राखून बाकीच्या दुबार म्हणून निकाली काढाव्यात. बायकोला निवड करणं जड जात होतं हे मी डोळ्यांनी पाहत होतो. शेकडो सारख्या फोटोंतून माणूस निवड करणार तरी कशी? एक ठेवला की निवडीचा प्रश्नच उरत नाही. मी पहिलाच फोटो नमुना प्रत म्हणून राखला. बाकीचे काढले. ‘केराची टोपली कायमची रिकामी करावी काय?’ अशी विचारणा झाली. मी ‘होय’ म्हटलं. जागा अठरा टक्के मोकळी झाली, आणि तिच्यावर केवढे उपकार केले या विचाराने मला जरा भरून आलं.

प्रक्रिया सुरू केली. मला कचेरीत जायचं होतं, म्हणून मी अण्णांना समोर बसवलं.

“पडद्यावर काही सूचना आली तर ती तंतोतंत पाळा,” मी बजावलं. “स्वतःचं डोकं चालवू नका.”

अण्णांनी उभी हयात नोंदणी खात्यात काढली आहे. लेखी आदेशापुढे ते स्वतःचं डोकं कधीच चालवत नाहीत. मी गेल्यावर सूचना आली ती अशी: ‘प्रक्रिया निर्विघ्न पार पडण्यासाठी चालू असलेले सर्व कार्यक्रम तत्काळ बंद करावेत.’

अण्णांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी टेलिफोन जवळ ओढला. प्रथम त्यांनी स्वतःच्या फिरायला जाणाऱ्या मंडळाचा सहलीचा कार्यक्रम बंद केला. मग लेकीच्या मैत्रिणीच्या आईला फोन करून शनिवारचा नाटकाचा कार्यक्रम बंद केला. शेवटी वाचनालयात फोन लावून रविवारचा व्याख्यानाचा कार्यक्रम बंद केला. ग्रंथपाल बाईंनी कारण विचारलं. अण्णांनी सांगितलं, “वरून आदेश आहे.”

मी घरी आलो तेव्हा पडद्यावर सगळीकडे निळंशार होतं. शंभर टक्के. मी खुर्चीत बसून ते नुसतं पाहत राहिलो. बायको आली, तिला मी हात धरून संगणकापुढे बसवलं आणि बटण दाबलं. संगणक झटक्यात जागा झाला. तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आपण हे आधीच का केलं नाही.

मग तिने आपला संग्रह उघडला.

“बाकीचे कुठे आहेत?”

मी नियम सांगितला. नमुना प्रत, दुबार प्रती, निकाली काढणे. नियम सांगताना माझा आवाज नेहमी ठाम असतो. तो हळूहळू बारीक होत गेला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्या एकट्या फोटोकडे बघत राहिली. “तुम्हाला हे सगळे एकसारखे वाटले?” तिने विचारलं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी नमुना प्रतीवर बोट ठेवून म्हणालो, “पण बघ, कसा लगेच उघडला.”

ही ती वेळ नव्हती. त्याच वेळी अण्णांनी दिवाणावरून आपण कोणकोणते कार्यक्रम बंद केले याचा अहवाल दिला. सगळं ऐकून घेऊन बायको म्हणाली, “बरंच झालं. दाखवायला तरी काय होतं?” आणि ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी पाण्याचा आवाज येत राहिला. भांड्यांना त्या दिवशी कोणी ‘रसिक श्रोतेहो’ म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं. मी आजवर अनेकांची कागदपत्रं हरवली आहेत, पण त्यातलं कोणी माझ्या घरात राहत नव्हतं.

मी धावत वर गेलो. सल्लागार म्हणाले, घाबरायचं कारण नाही. टोपली रिकामी केली तरी मजकूर डिस्कवर असतोच, नुसती त्याची नोंद पुसलेली असते. त्यांच्याकडे तो शोधून काढायची युक्ती होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“अट एकच,” ते म्हणाले. “त्यानंतर डिफ्रॅग केलेलं नसावं. त्यात रिकाम्या जागेवर दुसरा मजकूर आणून बसवतात, मग संपलं.”

“आणि डिफ्रॅग शंभर टक्के झालं असेल तर?”

“तर उत्तम झालं म्हणायचं,” सल्लागार म्हणाले. “सहसा इतकं होत नाही.”

फोटो गेले ते गेले. निदान व्याख्यान तरी परत मिळवावं म्हणून मी वाचनालयात गेलो. दारातल्या फळ्यावर ‘आपल्या भिंतींवरचं शेवाळ’ या ओळीवर तिरका ‘रद्द’ असा शिक्का रंगवलेला होता. ग्रंथपाल बाईंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं.

“रद्द झालेला कार्यक्रम परत चालू करायची तरतूद नाही,” त्या म्हणाल्या. “नवीन घ्यावा लागेल. त्याला समितीची बैठक लागते.”

“ती कधी असते?”

“ती बोलवायची की नाही हे समिती ठरवते.”

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला आदरच वाटला. इतकं निर्दोष उत्तर मला स्वतःला पुष्कळ वर्षांच्या नोकरीत सुचलेलं नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि आम्ही एकमेकांच्या तोलाची माणसं असल्यासारखे बोलू लागलो. शेवटी मीच मार्ग काढला. कार्यक्रम चालू करता येत नसेल, पण रद्द करण्याचा निर्णय रद्द करता येतो, कारण तोही एक निर्णय आहे. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “असं शब्दांकन असेल तर मला हरकत घेता येत नाही,” त्या म्हणाल्या. फळा पुसायला मात्र त्यांनी नकार दिला. झालेली नोंद पुसायची नसते. म्हणून त्या ‘रद्द’वर उलट्या तिरकसात आणखी एक ‘रद्द’ रंगवण्यात आला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की सभागृह मिळालं आहे. मी फळ्याचं वर्णन केलं तेव्हा तिचा ओठ जरासा हलला. मग तिने संगणक लावला आणि तो एक फोटो उघडून त्याच्यापुढे बसली.

“पोस्टामागची भिंत आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “मी काढलेला पहिला.” आणि थोड्या वेळाने, “एक तर एक.”

रविवारी सभागृह अर्धं भरलं. फळा वाचून काही जणांना वाटलं, दोनदा रद्द झालं म्हणजे प्रकरण गंभीर आहे, आणि ते चौकशीला आले होते. सल्लागार पहिल्या रांगेत बसले. अण्णा दाराजवळ बसले. कोणताही आदेश आला तर त्यांनी मध्येच फोन करायला जाऊ नये, यासाठी लेकीने त्यांना आपल्या बाजूला धरून ठेवलं होतं.

बायको उभी राहिली. पडद्यावर फोटो लागला. भिंतभर हिरवं.

“माझ्याकडे एवढाच फोटो आहे,” ती म्हणाली. आवाज थरथरला. ती पाणी प्यायली. मग ती पडद्याजवळ गेली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. “इथून सुरुवात करू.”

त्या कोपऱ्यात मखमलीसारखं दाट शेवाळ होतं. त्याच्या शेजारी बारीक चांदण्यांसारखी पानं असलेलं दुसरंच. पाइपाच्या सांध्याखाली तिसरं, केसांसारखं लोंबतं. चुन्याच्या रेषेवर एक असं, जे सुकलं की मुठीसारखं मिटतं आणि थेंब पडला की उघडतं. त्यातून वर आलेल्या, सुईहून बारीक दांड्यांवर टोप्या होत्या आणि त्यांत पुढची पिढी बसलेली होती. यातलं कोण आधी आलं, कोणी कोणाला जागा दिली, पाइप गळायला लागल्यावर कोण पुढे सरकलं आणि दुरुस्त झाल्यावर कोण मेलं, हे ती सांगत गेली. तिने बोट कुठेही ठेवलं तरी तिथे कोणीतरी राहत होतं. मी खुर्चीच्या टोकाशी येऊन बसलो होतो. इतकी वर्षं मी या बाईच्या शेजारी जेवतो आहे आणि तिला एवढं माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला, आणि तो वाटत असतानाच आपण काय निकाली काढलं ते प्रथमच कळलं. मी खोकलो.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा सल्लागार उठले. “एवढा अभ्यास, मग फोटो एकच कसा?”

“बाकीचे होते,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांनी तपासून दुबार ठरवले.”

सभागृह हसलं. ग्रंथपाल बाई हसल्या. अण्णासुद्धा हसले, ज्यांचा यात निम्मा वाटा होता. मी ज्या पद्धतीने छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो, त्याला कचेरीत ‘नोंद घेतली’ असं म्हणतात.

पुढच्या सुट्टीला मी न सांगता तिच्याबरोबर निघालो. तिला फोटो नव्याने काढायचे होते. सगळे मिळणार नव्हते. एक भिंत पाडली होती. एकीला कोणी ब्रश मारून गुळगुळीत केलं होतं. तिथे ती थोडा वेळ थांबली आणि पुढे गेली. मी मागून बसायचं स्टूल घेऊन चाललो होतो. पोस्टामागे आम्ही दोघं भिंतीला नाक लावून उभे असताना आमचे साहेब समोरून गेले, आणि मी त्यांना ओळख दिली नाही.

मग मला ते दिसलं. भिंतीच्या अगदी खाली, एकदम वेगळं, पोपटी, चकाकतं, कडा अगदी रेखीव. असं तिच्या व्याख्यानात नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, पँट ओली झाली, आणि तिला हाक मारली. “हे बघ. हे कशासारखंच नाहीये.”

ती आली. वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

“तो ऑइलपेंट आहे,” ती म्हणाली.

मी उठायला लागलो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला तसंच बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

“अजून शोधा,” ती म्हणाली. “घाई नाही.”